मुलाणीभाऊंची खातरजमा

मुलाणीभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते श्रद्धांजलीच्या एका फ्लेक्ससमोर.

अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागून मी कामावर हजर व्हायला निघाले होते. बारामतीहून सुटलेली एसटी एका फाट्यावर थांबली. चौकात कुणा म्हाताऱ्याच्या फोटोचा फ्लेक्स लावलेला होता. खाली शोकाकुल म्हणून पुढाऱ्यांपासून पुतण्यांपर्यंत तीस-चाळीस नावं. समोर जुनी मोपेड स्टँडवर लावून एक उंच, वाळका गृहस्थ डायरीत काहीतरी उतरवून घेत होता. पांढरा शर्ट, करडी पँट, डोक्यावर विणलेली टोपी. मला वाटलं, ओळखीतला असेल, दशक्रियेची वेळ टिपून घेत असेल. तासाभरानं कचेरीत मला माझं टेबल दाखवलं, तर शेजारच्या टेबलावर तोच माणूस. फ्लेक्सवरचं नाव तो समोरच्या जाड यादीत शोधत होता. सापडल्यावर त्यानं नावापुढं पेन्सिलीनं बारीक फुली केली आणि मान वर करून म्हणाला, "या ताई. बसा. खुर्चीचा डावा पाय लंगडा हाय, उजव्या अंगाला कलून बसा."

कचेरी कोणती ते सांगत नाही. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यातली होती, एवढं पुरे. बाबालाल मुलाणींकडं निराधारचं टेबल होतं. विधवा, अपंग, पोराबाळांनी टाकलेले म्हातारे, अशांना सरकार दरमहा जे थोडकं देतं त्याला आमच्याकडच्या बाया 'पगार' म्हणतात. 'पगार चालू झाला का?', 'पगार का तटला?' असं विचारत दिवसभर त्या मुलाणीभाऊंच्या टेबलापुढं उभ्या असायच्या. यादीत कोण खरं, कोण खोटं, कोण हयात, कोण मयत, हे तपासायचं काम भाऊंचं. कचेरीच्या भाषेत त्याला खातरजमा म्हणतात. बाकीचे ती खुर्चीत बसून करायचे. भाऊ मोपेडवर जाऊन करायचे.

फ्लेक्सवर वाचलेलं, गावाच्या ग्रुपवर आलेलं, कोतवालानं सांगितलेलं, असं कुठलंही मरण ते आधी पेन्सिलीनं लिहीत. शाईनं लिहायचं ते घरी जाऊन आल्यावर. मी एकदा म्हटलं, "भाऊ, फोटोसकट फ्लेक्स लागलाय, आणखी काय बघायचं?"

"एका नावाची दोन माणसं असत्यात, ताई. कागदावर माणूस मारायला एक मिनिट लागतं. जित्ता करायला दोन वर्षं लागत्यात."

हे ते अनुभवावरून बोलत होते. त्यांच्या आधीच्या कारकुनानं एका बाईला चुकून मयत दाखवलं होतं आणि ती बाई स्वतःच्या पायांनी चालत येऊन 'मी जित्ती हाय' असं दोन वर्षं सांगत होती.

बायामाणसांच्या घरात जायचं तर सोबत बाई असावी म्हणून साहेबांनी मला त्यांच्याबरोबर जायला सांगितलं. पुढं मोपेडवर भाऊ, मागं स्कूटीवर मी, असे आम्ही कालव्याच्या कडेनं, उसाच्या फडांमधून, डाळिंबाच्या बागांच्या बांधांवरून पुष्कळ हिंडलो. जिथं तपासायला जायचं तिथं ते चहा घेत नसत. पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. "चहा पोटात गेला की पेन जड हुतं," म्हणायचे. लोकांना राग यायचा. मुसलमान असून आमच्या घरचं चालत नाही का, असंही एक जण बोलला. भाऊ हसले. "चालतं की. काम झाल्यावर एकदा नुसता चहाला म्हणून येतो." आणि खरोखर एका जुम्म्याला नमाज आटोपून ते त्या माणसाकडं चहा पिऊन आले.

उत्पन्नाचा दाखला ते बघत, पण शेवटी. आधी चुलीकडं बघायचे. घरात शिरल्यावर बोलत बोलत नजर स्वैपाकाच्या कोपऱ्यात जायची. गॅस आहे का, भांडी किती, पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय की नाही. मग सहज विचारायचे, "काल काय केलं हुतं कालवण?" खोटं बोलायला आलेली माणसं जमिनीबद्दल, पोरांबद्दल तयारी करून आलेली असत. कालवणाची तयारी कुणी केलेली नसे.

कालव्याच्या अंगाला एका गावात गजराबाई नावाची म्हातारी राहायची. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, मूल नाही. तिचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता, कारण कागदावर तिच्या नावानं दीर कसत असलेली जमीन निघत होती. आम्ही गेलो तेव्हा तिच्या चुलीतल्या राखेत मांजर झोपलेलं होतं. भाऊ त्या मांजराकडं बराच वेळ बघत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "काल पेटली न्हाय, आज बी न्हाय. ऊब न्हाय त्या राखंत, नुसती मऊ हाय म्हणून निजलंय ते." त्या अर्जापायी त्यांनी दिराकडं, तलाठ्याकडं, सर्कलकडं किती हेलपाटे मारले ते मी पाहिलंय. पगार चालू झाल्यावर गजराबाई कचेरीत आली आणि पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा तिनं भाऊंच्या टेबलावर ओतल्या. भाऊंनी त्या घेतल्या. कुणाकडून काही घेताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

त्यांची पकडायची रीतही वेगळी होती. एका वाडीवर एक म्हातारा मरून गेला होता आणि मुलगा बापाच्या नावचा पगार उचलत होता. आम्ही गेलो तर मुलगा ओसरीवरूनच म्हणाला, "आबा लेकीकडं गेल्यात, भिगवणला."

"कधी येणार?"

"सांजच्याला येतील न्हायतर उद्याला."

"मग बसतो," म्हणून भाऊ पायरीवर बसले. अकरा वाजले होते. मुलगा आधी गोड बोलला, मग ओरडला, मग मोटारसायकलला किक मारून निघून गेला. भाऊ बसलेलेच. दुपारी त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. चार वाजायच्या सुमाराला घरातून सून आली. तिच्या हातात हार घातलेला फोटो होता. तो तिनं भाऊंच्या पुढ्यात पायरीवर ठेवला.

"हे घ्या. हेच आबा. किती येळ बसवायचं तुमाला? मला सोसंना."

भाऊ उठले. पायातल्या चपला बाजूला सारल्या आणि फोटोपुढं हात बांधून मिनिटभर उभे राहिले. मग विचारलं, "काय झालं हुतं आबास्नी?" बाईनं दुखणं सांगितलं, दवाखाने सांगितले, शेवटी पाणी कुणी पाजलं ते सांगितलं. ते सगळं ऐकून घेतल्यावर भाऊंनी कागद काढला आणि तिचा जबाब लिहून घेतला. त्यात एक अक्षर कमी केलं नाही. वसुलीची नोटीस निघाली, मुलानं हप्त्यानं फेड केली.

परतताना मी म्हटलं, "पोलीस पाटलाला घेऊन गेलो असतो तर पंधरा मिनिटांत झालं असतं."

"झालं असतं. पर त्या बाईनं फोटो आणला नसता."

कचेरीत त्यांना मागं नावं ठेवायचे. मोठे चोर सोडून हा भुरटे धरतो, गरिबाच्या ताटातलं काढतो, म्हणायचे. एकदा तोंडावर कुणी बोललं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मोठ्याचं नाव माझ्या यादीत न्हाय. आलं की बघू. आन् एक खोटं नाव बसून ऱ्हातं, तितं एक खरी बाई हुबी ऱ्हाती. ती मला रोज दिसती, तुमाला दिसत न्हाय एवढंच."

त्यांच्या बहिणीची गोष्ट मला त्यांनी सांगितली नाही, ती पणदरे गावच्या एका शिपायानं सांगितली. आई लवकर गेल्यामुळं भाऊंना या थोरल्या बहिणीनंच वाढवलं होतं. भाऊ तिला आपा म्हणत. आपा लवकर विधवा झाली, तिला पगार होता, आणि तो खराच होता. मग तिचा मुलगा आसिफ एमआयडीसीत एका कारखान्यात कायम झाला. नियमानं पगार बंद व्हायला हवा. आपानं कळवलं नाही. कुणीच कळवत नाही. यादी तपासताना भाऊंच्या समोर तिचं नाव आलं. ते टेबलावरचं काम दुसऱ्याकडं देऊ शकले असते. त्यांनी साहेबांना लेखी अर्ज दिला, 'सदर लाभार्थी ही माझी सख्खी बहीण असून तिचा मुलगा कमावता झालेला आहे, सबब चौकशी व्हावी.'

आपा त्यानंतर त्यांच्याशी बोलली नाही. भाऊ दर ईदेला तिच्याकडं जायचे. आसिफ बसायला खुर्ची टाकायचा, सून शीरखुर्मा आणून द्यायची. आपा आतल्या खोलीत असायची. भाऊ वाटी रिकामी करायचे, आतल्या दाराकडं बघून "येतो आपा" म्हणायचे आणि निघायचे. एका ईदेनंतर मी त्यांना विचारलं, "भाऊ, पश्चात्ताप होत नाही?"

त्यांनी यादीतून डोकं वर काढलं नाही. "हुतो की. रोज हुतो. म्हणून काय खोटं लिवायचं?"

आमच्या कचेरीसमोर झेरॉक्सची चार दुकानं होती. त्यातलं एक भानूशेठचं. कामाचा माणूस. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, कुठला साहेब कधी मूडमध्ये असतो, सगळं त्याला ठाऊक. अडाणी माणूस कचेरीत शिरायच्या आधी भानूशेठकडं शिरायचा. त्याच्यामार्फत आलेले अर्ज नीट लावलेले असत, त्यामुळं कुणी फार उलटून बघत नसे.

एके दिवशी गजराबाईच्याच गावची एक बाई पगार का थांबला म्हणून विचारायला आली. बरोबर तिचा नवरा होता, औषधाची पिशवी घेऊन. भाऊंनी फाइल काढली, वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"बाई, मालक कधी वारले तुमचे?"

"अगं बया! वारल्यात कुठं? ह्ये काय तुमच्या म्होरं हुबं हायती!"

नवरा पुढं झाला. "म्हंजी मी मेलोय व्हय? मग बिडी कोन वडतंय?"

सगळी कचेरी हसली. मीही हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी फाइलमधला मृत्यूचा दाखला दोघांना वाचून दाखवला. तारीख, ठिकाण, कारण, सगळं व्यवस्थित होतं. शिक्का होता. बाईचं हसू मावळलं. ती रडायला लागली. "मला वाचता येत न्हाय, भाऊ. भानूशेठ म्हनला, हितं अंगठा दे, तितं अंगठा दे. पैलं सा म्हैन्याचं माझं, मग तुझं, म्हनला."

त्या दिवसापासून भाऊ त्या गावच्या सगळ्या फाइली घरी नेऊ लागले. तीन-चार महिने ते दुपारचं जेवण झालं की मोपेड काढायचे. कुणाचा जिवंत नवरा कागदावर मेलेला होता. कुणी पन्नाशीचा गडी सत्तरीचा झालेला होता. धडधाकट माणसाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर जो नंबर होता तोच दुसऱ्या तिघांच्या दाखल्यावर. कचेरीतल्याच कुणाच्या तरी हातावाचून हे होणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. भाऊंनाही कळत होतं. मोठ्याचं नाव त्यांच्या यादीत आलं होतं.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. केबिनचं दार उघडंच होतं.

"मुलाणी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. शांततेत जा."

"शांततेतच जायाचं हाय साहेब. म्हणूनच लिवतोय."

निनावी पाठवा, असं मीच त्यांना सुचवलं. नाव कशाला द्यायचं? ते म्हणाले, "ताई, निनावी अर्ज म्हंजे भिंतीवरचं लिवणं. वाचत्यात समदी, पर सही न्हाय म्हणून पुसून टाकत्यात." त्यांनी आपल्या हुद्द्यासकट, पूर्ण सहीनिशी अहवाल लिहिला. एक प्रत साहेबांना, एक पोस्टानं वरच्या कार्यालयाला. मी तो टाइप केला. सव्वीस पानं होती.

वरून कारवाई झाली. फार झटपट झाली. पहिल्याच आठवड्यात आदेश आला की सदर गावात मोठ्या प्रमाणावर गैरप्रकार आढळल्यामुळं फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत गावातील सर्व लाभार्थ्यांचे अनुदान स्थगित करण्यात येत आहे.

सर्व. भाऊंनी अहवालात खोट्या माणसांची नावं वेगळी दिली होती, खऱ्यांची वेगळी. खऱ्यांच्या यादीवर त्यांनी ठळक लिहिलं होतं की यांचा लाभ चालू ठेवावा. ती पानं वर कुणी वाचली की नाही, देव जाणे. भाऊ आदेश हातात घेऊन उभेच राहिले. मग बसले. मग मला म्हणाले, "ताई, ह्यात 'सर्व' लिवलंय का? मला चष्म्यातनं नीट दिसंना."

मी म्हटलं, "सर्वच लिहिलंय, भाऊ."

भानूशेठला अटकपूर्व जामीन मिळाला. महिनाभर दुकान बंद राहिलं, मग मेव्हण्याच्या नावानं नवीन बोर्ड लावून उघडलं. सकाळी भाऊ मोपेड लावत असले की तो काउंटरमागून "नमस्कार भाऊ" म्हणायचा. भाऊ नमस्कार परत करायचे. कचेरीतला जो कुणी सामील होता त्याचं नाव चौकशीत कधी निघालंच नाही.

आणि त्या गावच्या बाया यायला लागल्या. रोज. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायच्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलाणीनं बंद केला. काही जणी भाऊंच्या टेबलापुढं येऊन बोटं मोडायच्या. एक आंधळी म्हातारी नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली आणि तिनं नुसतं विचारलं, "कुठं बसतोय तो? मला त्याच्याम्होरं न्ये." भाऊ स्वतः उठून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ती जे बोलली ते मी लिहीत नाही.

फेरतपासणी व्हायला माणसं हवी होती. ती आधी निवडणुकीच्या कामाला लागली, मग कुठल्याशा सर्वेक्षणाला. भाऊंनी साहेबांना विनवलं, मला एकट्याला द्या, पंधरा दिवसांत संपवतो. साहेब म्हणाले, "तक्रार करणाऱ्यालाच तपास कसा द्यायचा? नियमात बसत नाही." ते खरंही होतं.

फेरतपासणीसाठी पाठवलेले गजराबाईचे कागद दोनदा परत आले. आधारवर गजराबाई, बँकेच्या पुस्तकावर नुसतीच गजरा. भाऊ तिच्याकडं गेले, मलाही घेऊन गेले. ती दारात बसली होती. आधीपेक्षा बारीक झाली होती. कोंबड्या विकल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या संपून महिना झाला होता. मी तिला गोळ्या आणून देते म्हटलं, तर ती म्हणाली, "आता सवय मोडलीय माझी."

मग भाऊंकडं वळून म्हणाली, "लोकं म्हनत्यात तुमीच क्येलं. व्हय का वो मुलाणीदादा?"

"व्हय, आजी."

"का वो?"

भाऊ तिच्या बँकेच्या पुस्तकावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेवटी गजराबाईच म्हणाली, "असू द्या. हुईल तवा हुईल. तुमी काय वंगाळ करनार न्हाय." हे तिनं त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. पण शिव्या खाताना खाली न गेलेली भाऊंची मान त्या वाक्याला खाली गेली.

गोळ्या मी घेतल्या होत्या, पण त्या द्यायला जायचं राहून गेलं. मुलीची परीक्षा होती. आता कारण सांगण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांनी कोतवाल आला आणि दुसऱ्याच कामाचं बोलता बोलता म्हणाला, "ती कालव्यावरची म्हातारी गेली की." फ्लेक्स वगैरे काही लागलेला नव्हता. भाऊ त्या वेळी यादीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि बाहेर पडले. मी मागोमाग स्कूटी काढली.

झोपडीला कुलूप होतं, दिरानं लावलेलं. शेजारणीनं सांगितलं की सकाळी उठलीच नाही, कुणाला त्रास दिला नाही. भाऊ त्या कुलपासमोर उभे राहिले. नेहमी मिनिटभर उभे राहायचे. त्या दिवशी किती वेळ उभे होते मी बघितलं नाही. मी कालव्याकडं तोंड करून उभी राहिले.

पुढच्याच महिन्यात फेरतपासणी संपली आणि आदेश आला. बहुतेक सगळ्या खऱ्या बायांचे पगार पुन्हा सुरू झाले, काहींचे कागदांपायी अडकून राहिले. यादीत गजराबाईचं नाव होतं आणि पुढं शेरा होता, 'पात्र'. ती यादी हयात-मयतीच्या नोंदी करून परत पाठवायची होती. भाऊंनी पेन उघडलं, त्या ओळीवर आणलं आणि थांबले. मग यादी माझ्या टेबलावर सरकवली.

"ताई, एवढं एक तुमी लिवा."

मी लिहिलं. त्यांच्या टेबलावरचं काम दुसऱ्या कुणाच्या हातानं झालं ते तेव्हा पहिल्यांदाच.

त्यानंतर त्यांची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. तक्रार होती म्हणे की लाभार्थ्यांशी ते कठोर वागतात. रेकॉर्ड रूम म्हणजे मागच्या बाजूची अंधारी खोली, कापडात बांधलेले गठ्ठे आणि उंदरांचा वास. दुपारी डबा खायला मी तिथं जायचे. ते जुने गठ्ठे सोडून पुन्हा नीट बांधत बसलेले असायचे. बोलणं कमी झालं होतं. एकदाच आपण होऊन म्हणाले, "ताई, सव्वीस पानं लिवली मी. एकच पान लिवायला पायजे हुतं. सव्वीस कोन वाचतंय?" मी म्हटलं, एक पान लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. त्यांना ते पटलं नव्हतं. त्यांनी दोष कुठं ठेवायचा ते ठरवून टाकलं होतं आणि तिथून ते हलणार नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि साहेबांची दोन वाक्यं झाली. भाऊंना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, सगळ्यांकडं बघून हात जोडले आणि बसले.

त्यानंतर दीडेक वर्षानं मी त्यांना पाहिलं. वालचंदनगरला आमच्या कचेरीतल्या एकीच्या मुलीचं लग्न होतं. जेवून मी बसस्टॉपकडं चालले होते. दुपार कलली होती. स्टॉपसमोरच एका दुकानात बँकेचं छोटं केंद्र आहे, तिथं अंगठा लावून खेड्यातल्या माणसांना पैसे काढता येतात. दुकानापुढच्या बाकावर भाऊ बसले होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. शेजारी एक म्हातारी. मी तिला ओळखलं नाही, पण त्या दोघांच्या बोलण्यात गावाचं नाव आलं, आणि ते तेच गाव होतं. ज्यांचे कागद अडकून पडले होते अशा एकेकीला मोपेडवर बसवून भाऊ बँकेत, दवाखान्यात, कचेरीत घेऊन जातात, असं मी ऐकून होते. त्यांची सून मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, "नोकरीत असताना निदान रविवारी घरी असायचे."

म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता. जन्मभर खुरपं धरून रेषा झिजल्या होत्या. दुकानातला माणूस कंटाळून म्हणाला, "चाचा, होत न्हाय. उद्या आणा." भाऊ म्हणाले, "एकदा बघू आजून." त्यांनी बाटलीतलं पाणी रुमालावर घेतलं आणि तिचा अंगठा पुसायला लागले. खिशातून तेलाची बारीक बाटली काढून थेंबभर लावलं, परत पुसलं. तान्ह्या मुलाचं बोट धरावं तसं त्यांनी ते धरलं होतं.

म्हातारी आपली बोलतच होती. "बरा भेटलास बाबा तू. कोन करतंय आजकाल. आमच्या गावचा पगार एका मेल्यानं बंद पाडला हुता. कचेरीत हुता म्हनं कोन मुलाणी. दोन बाया गेल्या त्या पायी. त्येचं वाटुळं हुईल, बघ तू. किडं पडतील त्येला."

हाक मारायला पुढं झालेली मी तिथंच थांबले.

भाऊंचा हात थांबला नाही. त्यांनी तिचा अंगठा पुन्हा मशीनच्या काचेवर ठेवला आणि वरून आपल्या दोन बोटांनी हलकेच दाबला.

"व्हय आजी," ते म्हणाले. "हात सैल सोडा."

मशीनवर पुन्हा लाल दिवा लागला, अंगठा उमटला नव्हता. भाऊंनी अंगठा उचलला आणि रुमालाचा कोरडा कोपरा शोधू लागले. माझी बस येऊन उभी राहिली होती. मी मागच्या दारानं चढले आणि दुकानाच्या बाजूची खिडकी सोडून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.